खंदकांतून घरीं: सिगफ्रीड ससून याचें चरित्र



कल्याणहून पुण्याकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलें म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं गांवें एकामागून एक लागतात. आपल्या मंडळींपैकीं पुष्कळांचा हा नेहमींचा रस्ता आहे. आज जेथें उल्हासनगरची दाट वस्ती आहे, तेथें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सरकारनें शिपायांसाठीं मोठी छावणी उभारिली होती. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली, तेव्हां सिंध प्रांतांतून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना त्याच छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. आणि १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव देण्यांत आलें. त्या नगराच्या विभागांना लोक अजूनहि कँप नंबर एक, कँप नंबर दोन असेंच म्हणतात. शिपाई केव्हांच निघून गेले, पण छावणीचें नांव राहिलें. मनुष्याच्या मनाचेंहि असेंच आहे. युद्ध संपतें, पलटण मोडते, शिपाई आपल्या गांवीं येतो. परंतु त्याच्या मनांतली छावणी कांहीं उठत नाहीं.

हीच गाडी पुढें घाट चढून पुण्यास जाते, आणि पुण्याच्या स्टेशनापासून जवळच ससून रुग्णालय आहे. खेड्यापाड्यांतले किती तरी गरीब रोगी तेथें जाऊन बरे झाले आहेत. ससून हें नांव आपल्या लोकांच्या तोंडीं इतकें बसलें आहे कीं, तें एका घराण्याचें आडनांव आहे हें पुष्कळांना ठाऊकहि नसतें. ह्याच घराण्याच्या चौथ्या पिढींत, दूर इंग्लंडांत, एक पुरुष जन्मला. त्यानें पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत शिपाईगिरी केली, शौर्याचें पदक मिळविलें, त्याच युद्धाविरुद्ध उघडपणें आवाज उठविला, पुन्हां आपण होऊन खंदकांत गेला, आणि घरीं परतल्यावर त्या आठवणींशीं जवळ जवळ सारा जन्म झुंजला. त्याचें नांव सिगफ्रीड ससून. लढाईवरून आलेल्या मनुष्यास घरीं कोणतें ओझें वाहावें लागतें, आणि त्याच्या भोंवतालच्या लोकांचें त्याविषयीं काय कर्तव्य आहे, हें ह्या चरित्रावरून चांगलें समजतें. म्हणून तें येथें थोडक्यांत देत आहों.

घराणें व बाळपण

डेव्हिड ससून हा बगदादचा यहूदी व्यापारी. तेथील तुर्की अंमलदाराच्या जुलमामुळें त्याला देशत्याग करावा लागला, आणि १८३२ सालच्या सुमारास तो मुंबईस येऊन राहिला. कापूस, कापड, अफू इत्यादि मालाच्या व्यापारांत त्यानें अपार संपत्ति मिळविली. अफूच्या व्यापारानें चीन देशाचें जें अकल्याण झालें तें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं; पण त्याच संपत्तींतून वाचनालय, शाळा व रुग्णालय हींहि उभीं राहिलीं, हेंहि खरें आहे. १८६४ सालीं तो पुण्यास वारला. तेथें ज्याला लोक लाल देऊळ म्हणतात, त्या यहूद्यांच्या सभास्थानाच्या आवारांत त्याची कबर आहे. मुंबईचा ससून डॉक त्याचा पुत्र आल्बर्ट यानें १८७५ सालीं बांधविला.

डेव्हिडचा दुसरा एक पुत्र व्यापारासाठीं इंग्लंडांत जाऊन स्थायिक झाला. त्याचा मुलगा आल्फ्रेड. ह्या आल्फ्रेडनें थेरेसा थॉर्निक्रॉफ्ट नांवाच्या एका ख्रिस्ती स्त्रीशीं विवाह केला. ती शिल्पकारांच्या घराण्यांतली होती. परधर्मांत लग्न केलें एवढ्याच कारणावरून आल्फ्रेडच्या आईनें त्याच्याशीं संबंध तोडिला व त्याला वारशास मुकावें लागलें. आपल्या वाचकांपैकीं ज्यांच्या आईबापांनीं किंवा आजाआजींनीं धर्मांतराच्या वेळीं भाऊबंदांचा बहिष्कार सोसला आहे, त्यांना ह्या गोष्टींतलें दुःख निराळें समजावून सांगावयास नको.

अशा ह्या जोडप्याच्या पोटीं, केंट परगण्यांतील मॅटफील्ड गांवीं, ८ सप्टेंबर १८८६ रोजीं सिगफ्रीडचा जन्म झाला. तीन भावांत तो मधला. तो लहान असतांनाच बाप घर सोडून निराळा राहूं लागला व १८९५ सालीं क्षयानें वारला. मुलांचें संगोपन आईनेंच केलें. सिगफ्रीड केंब्रिजच्या विद्यापीठांत गेला खरा, परंतु पदवी न घेतांच परत आला. घरचें थोडें उत्पन्न होतें, त्यामुळें पोटासाठीं कष्ट करण्याची गरज नव्हती. घोड्यावर बसून शिकारीस जावें, क्रिकेट खेळावें, कविता कराव्या व त्या स्वतःच्या खर्चानें छापाव्या, असें त्याचें आयुष्य वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत चाललें. तो वाईट नव्हता, आणि कोणाच्या उपयोगाचाहि नव्हता. जगांतील दुःखाशीं त्याची अजून ओळखच झाली नव्हती.

खंदकांतील जिणें

१९१४ च्या ऑगस्ट महिन्यांत महायुद्ध पेटलें. सिगफ्रीडनें पहिल्याच दिवसांत फौजेंत नांव घातलें. घोड्यावरून पडून हात मोडल्यामुळें कांहीं महिने वांयां गेले. पुढें १९१५ सालीं तो रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स नांवाच्या पायदळ पलटणींत अधिकारी झाला. त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरास त्याचा धाकटा भाऊ हॅमो हा तुर्कांशीं लढतांना गॅलिपोलीच्या मोहिमेंत मरण पावला. भावाच्या मरणाचें दुःख ताजें असतांनाच सिगफ्रीड फ्रान्स देशांत रणभूमीवर गेला.

त्या युद्धाची तऱ्हा निराळीच होती. समुद्रकांठापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत सुमारें ७०० किलोमीटर लांबीचे खंदक दोन्ही पक्षांनीं समोरासमोर खणिले होते, आणि मधल्या ओसाड पट्ट्यांत कांटेरी तारांचीं कुंपणें होतीं. डोकें वर काढिलें कीं गोळी लागे. दिवसा लपून राहावें, रात्रीं बाहेर सरपटत जाऊन तारा बांधाव्या, कोठें खचलेली माती उपसावी, जखमी झालेला सोबती ओढून आणावा, हा तेथला नित्यक्रम होता. पावसाळ्यांत आपल्याकडे भाताच्या खाचरांत जसा चिखल होतो, तसा चिखल खंदकांत महिनेच्या महिने असे. पण शेतकरी संध्याकाळीं घरीं येऊन पाय धुतो, त्या शिपायांना तें सुख नव्हतें. ओल्या बुटांत पाय सडत. अंगावर उवा, पायांशीं उंदीर, आणि नाकाशीं न पुरलेल्या प्रेतांची दुर्गंधि. तोफांचा मारा सुरू झाला म्हणजे मनुष्यास करण्यासारखें कांहींच नसे. भिंतीशीं अंग चोरून बसावें आणि पुढचा गोळा कोठें पडतो याची वाट पाहावी. लढून मरणें एक वेळ सोपें, पण असें बसून मरणाची वाट पाहणें मन पोंखरून टाकितें.

ह्याच दिवसांत आपल्या महाराष्ट्राचे शिपाई दुसऱ्या एका मुलुखांत खंदक खणीत होते. आणि तो मुलूख म्हणजे, जेथून ससून घराणें आलें, तोच बगदादचा प्रांत होय. १९१५ च्या नोव्हेंबरांत बगदादच्या वाटेवर टेसिफोन येथें मोठी लढाई झाली, आणि तेथून माघार घेणारी फौज तैग्रिस नदीच्या कांठीं कुट गांवांत कोंडली गेली. त्या फौजेंत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. नदीच्या पुरानें खंदक भरून गेले. अन्न संपत आलें. घोडे मारून खाण्याची वेळ आली, आणि तें मांस खावें कीं न खावें ह्या पेंचांत आपले शिपाई उपासमारीनें झिजले. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसें तुर्कांच्या हातीं लागलीं. पुढें वाळवंटांतून चालतांना व आगगाडीच्या रस्त्यावर राबतांना त्यांतले हजारों कैदी मेले. ह्या शिपायांपैकीं बहुतेकांना लिहितां येत नव्हतें. म्हणून त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच मातींत गेल्या. ससूनला लिहितां येत होतें. त्यानें जें लिहून ठेविलें, तें ह्या मुक्या लोकांच्याहि दुःखाची ओळख करून देतें.

शौर्य आणि सूड

१८ मार्च १९१६ रोजीं ससूनचा जिवलग मित्र डेव्हिड टॉमस हा तारेचें काम करीत असतां गोळी लागून मेला. त्या दिवसापासून ससूनच्या अंगांत जणूं संचार झाला. तो रोज रात्रीं एकटा खंदकाबाहेर जाऊन शत्रूचा शोध घेऊं लागला. सोबत्यांनीं त्याला वेडा जॅक असें नांव ठेविलें. हें सर्व शौर्यच होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्यांत सूड होता, आणि स्वतःच्या जिवाविषयींची बेपर्वाईहि होती.

परंतु त्याच वर्षाच्या मे महिन्यांत त्याच्या हातून एक निराळें कृत्य घडलें. पलटणीच्या कांहीं शिपायांनीं रात्रीं शत्रूच्या खंदकावर छापा घातला; तो फसला, आणि जखमी लोक तारांमध्यें व तोफगोळ्यांच्या खड्ड्यांत पडून राहिले. ससूननें दीड तास बंदुकींच्या व हातबॉम्बच्या माऱ्यांत राहून त्यांना एकेक करून परत आणिलें. कोणीहि मागें राहिला नाहीं. मेलेल्यांचींहि शरीरें आणिलीं. ह्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हें पदक मिळालें. मारण्याबद्दल नव्हे, तर वांचविण्याबद्दल मिळालेलें हें पदक होतें.

पुढें १ जुलै रोजीं सोम नदीची मोठी लढाई सुरू झाली. त्या एका दिवसांत ब्रिटिश फौजेचे ५७,००० हून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. हा संहार ससूननें समोरच्या टेकडीवरच्या खंदकांतून आपल्या डोळ्यांनीं पाहिला. नंतर ताप येऊन तो इंग्लंडांत परत आला. बरा होऊन तो पुन्हां गेला, आणि १९१७ च्या एप्रिलांत आरास गांवाजवळ त्याच्या खांद्यांतून गोळी आरपार गेली. पुन्हां जहाजानें इंग्लंड, पुन्हां रुग्णालय. तेथें रात्रीं डोळा लागेना. लागला तरी पलंगाभोंवतीं मेलेले शिपाई दिसत. आणि सकाळीं भेटावयास येणारे लोक वर्तमानपत्रांतले विजय वाचून आनंदानें गप्पा मारीत. ह्या दोहोंमधलें अंतर त्याला असह्य झालें.

निषेध

१९१७ च्या जुलै महिन्यांत ससूननें आपल्या वरिष्ठांस एक लेखी निवेदन पाठविलें व कामावर रुजू होण्याचें नाकारिलें. त्या लेखाचा भावार्थ असा होता कीं, बचावासाठीं म्हणून सुरू झालेलें युद्ध आतां मुलूख जिंकण्याचें युद्ध झालें आहे. ज्यांना तें थांबवितां येईल तेच तें लांबवीत आहेत. सेनापतींविषयीं त्याची तक्रार नाहीं, परंतु राज्यकर्त्यांच्या असत्यासाठीं शिपायांचे प्राण जात आहेत, आणि घरीं सुखांत बसलेल्यांना त्या यातनांची कल्पनाहि नाहीं. हें निवेदन पार्लमेंटांत वाचून दाखविण्यांत आलें व वर्तमानपत्रांत छापलें गेलें. त्याच सुमारास त्यानें आपल्या पदकाची फीत काढून मर्सी नदीच्या मुखाशीं पाण्यांत फेंकून दिली.

ह्या अपराधास लष्करी न्यायसभा व तुरुंग हीच शिक्षा होती, आणि ससूनची तीच इच्छा होती. परंतु रॉबर्ट ग्रेव्ह्स नांवाच्या त्याच्या मित्रानें अधिकाऱ्यांची समजूत घातली कीं, ह्याचें डोकें युद्धानें थकलें आहे. न्यायसभेऐवजीं ससूनला एडिनबरो शहराजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील रुग्णालयांत धाडण्यांत आलें. तोफांच्या माऱ्यानें मन बिघडलेल्या अधिकाऱ्यांसाठीं तें रुग्णालय होतें. ह्या दुखण्यास त्या काळीं शेलशॉक म्हणत. कोणाची वाचा गेलेली, कोणाचे हात थरथरत असलेले, कोणी रात्रीं किंचाळत उठणारा. दिवसा ते सर्व नीटनेटके कपडे घालून हिंडत. रात्र झाली म्हणजे तें घर खंदक होई.

ऐकून घेणारा वैद्य

तेथें ससूनची गांठ डॉक्टर रिव्हर्स यांच्याशीं पडली. हे केंब्रिजचे विद्वान. आपल्या देशाशींहि त्यांचा संबंध आला होता. निलगिरी पर्वतावरील तोडा लोकांमध्यें राहून त्यांनीं त्यांच्या चालीरीतींविषयीं मोठा ग्रंथ लिहिला होता, आणि तो १९०६ सालीं प्रसिद्ध झाला होता. डोंगरांतल्या लोकांचें बोलणें ज्या धीरानें त्यांनीं ऐकिलें, त्याच धीरानें ते आतां ह्या शिपायांचें बोलणें ऐकूं लागले.

त्या वेळीं बहुतेक डॉक्टर व घरचे लोकहि अशा शिपायास एकच उपदेश करीत कीं, झालें गेलें विसर, दुसरा कांहीं चांगला विचार कर. डॉक्टर रिव्हर्स यांना असें दिसून आलें कीं, हा उपदेश ऐकून रोगी दिवसभर आठवण दाबून ठेवितो आणि तीच रात्रीं अधिक भयंकर होऊन उठते. म्हणून ते रोग्यास ती आठवण सांगूं देत, आणि तींत धीर धरण्याजोगें कांहीं सांपडतें काय, हें त्याच्याबरोबर शोधीत. एका अधिकाऱ्याला आपल्या मित्राचें तोफगोळ्यानें छिन्नविच्छिन्न झालेलें शरीर सांपडलें होतें, आणि तें रोज स्वप्नांत येई. डॉक्टरांनीं त्याला दाखवून दिलें कीं, शरीराची अशी दशा झाली याचाच अर्थ मरण क्षणांत आलें. मित्राला यातना भोगाव्या लागल्या नाहींत. हा विचार त्या मनुष्यास पूर्वीं सुचलाच नव्हता. कांहीं रात्री स्वप्न आलें नाहीं. पुढें आलें तेव्हां भीति नव्हती, तर मित्राजवळ गुडघे टेकून त्याच्या वस्तु घरच्यांसाठीं काढून घेत असल्याचें तें स्वप्न होतें. तो जागा झाला तो रडत. पण हें रडणें शोकाचें होतें, भयाचें नव्हतें. शोक मनुष्यास सोसतां येतो.

ससून व डॉक्टर यांच्या पुष्कळ भेटी झाल्या. डॉक्टर सरकारी नोकर; शिपायास बरा करून पुन्हां रणांगणावर धाडणें हें त्यांचें काम होतें. तरी त्यांनीं ससूनच्या मताची थट्टा केली नाहीं, कीं त्याला वेडा ठरविलें नाहीं. ससूनला लहानपणींच बाप अंतरला होता. तो ह्या वैद्यास पित्याप्रमाणें मानूं लागला. त्याच रुग्णालयांत विल्फ्रेड ओवेन नांवाचा दुसरा एक तरुण अधिकारी होता. त्याला कवितेचा नाद होता. ससूननें त्याला मार्ग दाखविला. पुढें तो मोठा कवि ठरला, परंतु युद्ध संपण्यास एकच आठवडा राहिला असतां, ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं, तो पडला.

आतां ससूनपुढें कठीण प्रश्न उभा राहिला. आपलें म्हणणें खरें आहे याविषयीं त्याला शंका नव्हती. पण तो स्वतः उबदार खोलींत बसला होता, आणि ज्यांच्यासाठीं आवाज उठविला ते शिपाई चिखलांत होते. सत्य बोलून आपण सुरक्षित राहावें आणि त्यांनीं मरावें, हें त्याच्या मनास पटेना. त्यानें आपलें मत मागें घेतलें नाहीं, पण परत जाण्याचें ठरविलें. १९१८ सालीं तो प्रथम पॅलेस्टाइनांत व नंतर पुन्हां फ्रान्सांत गेला. १३ जुलै रोजीं पहाटे टेहळणीवरून परततांना त्याच्याच पलटणीच्या सार्जंटानें त्याला शत्रु समजून गोळी घातली. ती डोक्यास चाटून गेली, तो वांचला, आणि त्याचें युद्ध संपलें. त्याचें हें परत जाणें योग्य होतें कीं नव्हतें, याविषयीं लोकांत दोन मतें आहेत. आम्हांस एवढेंच वाटतें कीं, आपल्या माणसांस सोडून एकट्यानें सुखी होणें ज्याला साधत नाहीं, त्याच्या मनांत ईश्वरी प्रीतीचा कांहीं अंश असला पाहिजे.

घरीं परतल्यावर

११ नोव्हेंबर १९१८ रोजीं तोफा थांबल्या. लंडनच्या रस्त्यांत लोक नाचले. ससूनला तो उत्सव पाहवला नाहीं. लाखों शिपाई घरीं आले. प्रथम सत्कार झाला, नंतर काम मिळेना. ससून मजूर पक्षाच्या वर्तमानपत्रांत कांहीं काळ लिहूं लागला, निवडणुकींत भाषणें केलीं, अमेरिकेस जाऊन व्याख्यानें दिलीं; परंतु कोठेंच त्याचें मन ठरेना. १९२२ सालीं डॉक्टर रिव्हर्सहि अकस्मात् वारले, आणि त्याचा मोठा आधार तुटला.

आपल्याकडे परत आलेल्यांची स्थिति ह्याहून बिकट होती. १९१७ सालीं उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ सालीं मोडण्यांत आली. ज्यांनीं सरकारचा गणवेश घातला होता, ते गांवीं परतले तेव्हां पाणवठ्याचे, चावडीचे व देवळाचे जुने नियम जागच्या जागींच होते. पलटणींत ज्याला हवालदार म्हणून सलाम होत असे, त्याला गांवच्या विहिरीपासून दूर उभें राहावें लागे. १९२७ सालीं महाड येथें डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं चवदार तळ्याचें पाणी घेण्याचा हक्क बजाविला, तेव्हां त्यांच्या पाठीशीं उभे राहिलेल्यांत निवृत्त शिपाईहि होते, हें सहज समजण्यासारखें आहे. युद्धानें मनुष्यास मरणाचें भय सोडावयास शिकविलें, कीं त्याला मग अन्यायाचें भय उरत नाहीं.

युद्धानंतर जवळ जवळ आठ वर्षांनीं ससूननें आपली हकीकत गद्यांत लिहावयास घेतली. स्वतःस त्यानें जॉर्ज शेर्स्टन असें कल्पित नांव दिलें. पहिलें पुस्तक १९२८ सालीं, दुसरें १९३० सालीं व तिसरें १९३६ सालीं निघालें. एवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. १९३८ पासून १९४५ पर्यंत त्यानें तेंच आयुष्य पुन्हां, ह्या वेळीं खऱ्या नांवानें, आणखी तीन पुस्तकांत लिहिलें. म्हणजे चार वर्षांच्या युद्धाची गोष्ट सांगण्यास त्याला वीस वर्षें लागलीं. ज्यांच्या घरीं एकच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगणारा म्हातारा शिपाई आहे, त्यांनीं हें लक्षांत ठेवावें. तो कंटाळा आणण्यासाठीं सांगत नाहीं. त्याची गोष्ट अजून पुरी झालेली नसते.

१९३३ सालीं ससूननें हेस्टर गॅटी हिच्याशीं लग्न केलें, व १९३६ सालीं त्यांना एक मुलगा झाला. मुलावर त्याचा फार जीव होता. तरी संसार टिकला नाहीं. १९४५ सालच्या सुमारास पतिपत्नी विभक्त झालीं. ससून हा एकांतप्रिय व स्वतःच्या भूतकाळांत रमणारा असल्यामुळें त्याच्या सोबत्यांस पुष्कळ सोसावें लागलें असलें पाहिजे. चरित्र लिहितांना मनुष्याचे गुण तेवढे सांगणें हा आपला धर्म नव्हे.

विल्टशर परगण्यांतील आपल्या मोठ्या घरांत तो एकटा राहिला. १९५७ सालीं, सत्तरी उलटल्यावर, त्यानें रोमन कॅथलिक मंडळींत प्रवेश केला. आपली मंडळी निराळी. परंतु ज्या मनुष्यानें चाळीस वर्षें शांतीचा शोध केला, त्याला अखेर प्रार्थनेंत विसांवा मिळाला, याबद्दल कोणाहि ख्रिस्ती मनुष्यास आनंदच होईल. १ सप्टेंबर १९६७ रोजीं, वयाचीं ८१ वर्षें पुरीं होण्यास आठवडा राहिला असतां, तो मरण पावला. मेल्स नांवाच्या खेड्यांतील मंडळीच्या स्मशानभूमींत त्याला पुरलें आहे.

आपणांसाठीं बोध

त्या महायुद्धांतला एकहि शिपाई आज जिवंत नाहीं. परंतु १९६५, १९७१ व १९९९ च्या लढायांतून परतलेले लोक आपल्या महाराष्ट्राच्या गांवोगांवीं आहेत. कोणी पेन्शन घेऊन शेती करितो, कोणी कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी असतो. सणाच्या दिवशीं आपण त्याला हार घालितों, आणि दुसऱ्या दिवशीं तो रात्रीं झोपत नाहीं, चिडतो, किंवा दारूकडे वळतो म्हणून त्याला नांवें ठेवितों.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे कीं, अशा घरीं गेल्यावर बोध करण्याची घाई करूं नये. ईयोबाच्या मित्रांची गोष्ट आपण जाणतों. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले. त्यांच्या हातून घडलेलें सर्वांत चांगलें काम तेंच होतें. ते बोलूं लागले तेव्हांपासून त्याचें दुःख वाढलें. म्हणून प्रथम बसावें आणि ऐकावें. त्यानें मारलेल्यांची गोष्ट सांगितली तरी तोंड फिरवूं नये; न वांचवितां आलेल्या सोबत्याची गोष्ट सांगितली तर विसरून जा असें म्हणूं नये. घरच्या बायकामाणसांसहि हें समजावून सांगावें, कारण रात्रींच्या किंकाळ्या त्याच ऐकतात. झोप अगदींच उडाली असेल, किंवा जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा निघत असेल, तर प्रार्थना करावीच, पण त्याला डॉक्टरांकडेहि न्यावें. हा आतां ओळखीचा रोग आहे, त्यावर उपाय आहेत, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

डेव्हिड ससूननें पुण्यांत शरीरानें जखमी झालेल्यांसाठीं दगडांचें घर बांधण्यास द्रव्य दिलें. त्याच्या पणतूला जी जखम झाली होती, तिला बांधावयास दगड व चुना लागत नाहीं. आपल्या ओसरीवर, एका चटईवर, जो कोणी अशा मनुष्याजवळ घटकाभर शांतपणें बसेल, त्यालाहि तें रुग्णालय उघडतां येईल.